भूमिकाखेळातून संघकार्य आणि नेतृत्व: सहकाऱ्यांसोबतच्या पहिल्या डावाची तयारी

आपल्या विभागातील चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन एखाद्या दुपारी तीन तासांचा भूमिकाखेळ खेळावा आणि त्या तीन तासांत एकमेकांचे ऐकणे, मदत मागणे, अपयश पचवणे व अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे या गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात, यासाठी हा लेख लिहिला आहे. ज्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला मी येथे भूमिकाखेळ म्हटले आहे आणि तो चालवणाऱ्या गेम मास्टरला सूत्रधार. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेलाही नाही असे वाचक मी डोळ्यांपुढे ठेवले आहेत. गेली काही वर्षे मी सहकाऱ्यांसोबत असे डाव खेळतो आणि चालवतो. दुसऱ्याला काही करता यावे इतकी जागा मोकळी सोडणे हा नेतृत्वाचा सर्वांत अवघड भाग आहे, असे माझे मत या अनुभवातून पक्के झाले आहे, आणि तो भाग शिकण्यासाठी या टेबलाइतकी चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

खेळ कसा चालतो

सूत्रधार एका प्रसंगाचे वर्णन करतो. प्रत्येक खेळाडूकडे एक पात्र असते आणि आपले पात्र आता काय करते, हे तो खेळाडू आपल्या शब्दांत सांगतो. ती कृती सहज जमण्यासारखी असेल तर ती जमते. शंका असेल तर फासा टाकला जातो, निकालाचा अर्थ सूत्रधार सांगतो आणि त्यातून पुढचा प्रसंग उभा राहतो. पट आणि सोंगट्या असल्या तर बरे, नसल्या तरी अडत नाही. येथे कोणी कोणाला हरवत नाही. सगळे मिळून वाट काढतात किंवा सगळे मिळून अडकतात.

या खेळाचे मूळ प्रशिक्षणातच आहे, हे नवख्यांना सहसा माहीत नसते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने क्रीगस्पील हा युद्धखेळ मांडला. त्यात अधिकारी आपले हुकूम पंचाला देत आणि प्रत्यक्ष रणांगणावर त्यांना जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्यांना सांगे. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने जाडजूड नियमांपेक्षा अनुभवी पंचाच्या निर्णयावर अधिक भर द्यावा, असा आग्रह धरला. अमेरिकेतील मिनियापोलिस-सेंट पॉल भागात १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातील एका लढाईचा खेळ रचताना काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावचा महापौर, सावकार अशा भूमिका दिल्या. प्रत्येकाचा हेतू वेगळा असल्याने खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन आपापसांत बोलणी करू लागले, खेळ हाताबाहेर गेला आणि वेस्ली यांना तो फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. त्याच गटातील डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १,००० होत्या.

अर्धवट माहिती, वेगवेगळे हेतू असलेली माणसे आणि प्रत्येक प्रसंगाला पुरेल असा नियम नसल्याने लागणारा कोणाचा तरी विवेक, या तीन गोष्टी या खेळात जन्मापासून आहेत. कोणत्याही कचेरीत सोमवारी सकाळी याच तीन गोष्टी वाट पाहत असतात.

पहिली पायरी: खेळ, वेळ आणि माणसे ठरवणे

नवख्यांसाठी मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची २०१४ मध्ये आलेली पाचवी आवृत्ती सुचवतो. तिचे मूलभूत नियम विनामूल्य मिळतात आणि जानेवारी २०२३ पासून तिच्या नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे पहिल्या डावासाठी काही विकत घेण्याची गरज नाही. सात फाशांचा एक संच हाताशी असावा. त्यात नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासेही असतात. बहुतेक काम वीस बाजूंच्या फाशावरच होते. फासे नसतील तर मोबाइलवरचे ॲप चालते, पण फासा हातातून टेबलावर पडताना सगळ्यांचे डोळे एकाच जागी खिळतात, तो क्षण पडद्यावर येत नाही.

सूत्रधाराखेरीज चार खेळाडू असावेत, फार तर पाच. सहावा आला की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ इतका कमी होतो की अबोल माणूस पुन्हा अबोलच राहतो. एका बैठकीत संपणारा वन-शॉट डाव निवडावा आणि तीन तास सलग मोकळे ठेवावेत. हे तीन तास कामाच्या वेळेतले असावेत, याविषयी मी फार आग्रही आहे. शनिवारी बोलावले तर ज्यांच्या घरी लहान मुले किंवा आजारी आईवडील आहेत ते एकतर येत नाहीत किंवा मनावर ओझे घेऊन येतात. सहभाग ऐच्छिक असावा आणि नकार देणाऱ्याला कारण विचारू नये.

खेळातील वागण्याचा वार्षिक मूल्यमापनाशी दूरचाही संबंध असता कामा नये, आणि हे सर्वांना आधीच स्पष्ट शब्दांत सांगावे. आपण तपासले जात आहोत अशी शंका आली की माणसे आपल्याला शोभेल तेवढेच बोलतात, आणि मग तीन तास बसून काहीच हाती लागत नाही.

पहिल्या डावाचा सूत्रधार विभागाचा प्रमुख नसावा. प्रसंगाचे वर्णन, अडचणींची निवड आणि निकालाचा अर्थ या सगळ्या गोष्टी सूत्रधाराच्या हाती असतात. त्याच माणसाच्या हाती पगारवाढही असेल, तर खेळाडू प्रसंगाकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. प्रमुखाने खेळाडू म्हणून बसावे आणि ज्याला गोड बोलणे जमत नाही असे पात्र घ्यावे. आपल्या पात्राला बोलणी करता येत नाहीत म्हणून ते काम मुकाट्याने दुसऱ्याकडे सोपवणारा प्रमुख त्या दुपारी जेवढे शिकतो, तेवढे मी त्याला कोणत्याही कार्यशाळेत शिकताना पाहिलेले नाही.

दुसरी पायरी: खेळापूर्वीची बैठक

खेळाडू या बैठकीला सेशन झिरो म्हणतात. वन-शॉटसाठी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, पण ती वगळू नयेत. खेळाचा सूर कसा असेल, कोणते विषय टेबलावर नकोत आणि कोणी अस्वस्थ झाले तर काय करायचे, या तीन गोष्टी तेव्हा ठरवाव्यात. जातीवरून, धर्मावरून, बोलीवरून किंवा शरीरावरून होणारे विनोद पात्राच्या तोंडीही चालणार नाहीत, हे सूत्रधाराने स्वतःच सांगून टाकावे; ज्याला ते खटकते त्याच्यावर सांगण्याची वेळ आणू नये.

अस्वस्थतेसाठी एक साधे साधन आहे. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी सुचवलेल्या एक्स-कार्ड पद्धतीत टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. चालू प्रसंगातील काही नको वाटले तर कोणीही त्या कार्डाला हात लावावा. तो भाग तेथेच सोडून खेळ पुढे जातो आणि हात लावणाऱ्याला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. गटातील तिघे पुण्यात आणि दोघे परदेशात असल्याने खेळ व्हिडिओ कॉलवर असेल, तर चॅटमध्ये एक फुली टाकली तरी पुरते. कारण न देता थांबवण्याचा हा अधिकार पहिल्यांदा ऐकताना कामाच्या माणसांना विचित्र वाटतो. मात्र कार्ड टेबलावर आहे एवढ्यानेच लोक अधिक मोकळे होतात, असा माझा अनुभव आहे. बहुतेक डावांत त्याला कोणी हातही लावत नाही.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे खेळ सुरू झाल्यावर सर्वांनी एकमेकांना पात्रांच्या नावांनी हाक मारायची. आपल्याकडे कचेरीत ‘सर’ आणि ‘मॅडम’ हे शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांच्याबरोबर वयाची आणि हुद्द्याची उतरंडही नकळत टेबलावर येऊन बसते. पात्राचे नाव घेताना ‘अरे’, ‘अगं’ आपोआप तोंडात येते आणि कालच नोकरीला लागलेला मुलगा विभागप्रमुखाला ‘तू मागे थांब, मी बघतो’ असे सहज म्हणून जातो.

तिसरी पायरी: पात्रे, आणि आठ या आकड्याचे मोल

पहिल्या डावासाठी तयार पात्रे घ्यावीत. योद्धा, चोरपावलांनी वावरणारा भामटा (इंग्रजीत ‘रोग’), जखमा भरून काढणारा क्लेरिक आणि मंत्रविद्या जाणणारा विझर्ड ही जुनी चौकडी नवख्यांना लगेच समजते, कारण प्रत्येकाला जे जमते ते इतर तिघांना जमत नाही.

तरीही पात्र तयार करण्याची एक पद्धत समजावून सांगावी, कारण तिच्यात मोठा धडा आहे. पाचव्या आवृत्तीत १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे शक्ती, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव या सहा गुणांमध्ये वाटून द्यायचे असतात. पुढे या आकड्यांत थोडी भर पडू शकते. दहा म्हणजे सर्वसाधारण. पंधरा असेल तर फाशाच्या आकड्यात दोन मिळवायचे आणि आठ असेल तर एक वजा करायचा. प्रत्येकाला एक पंधरा मिळतो, तसा प्रत्येकाला एक आठही मिळतो आणि तो कोठेतरी ठेवावाच लागतो.

खेळात हा आठ कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावर, सर्वांना दिसेल असा लिहिलेला असतो, म्हणून ज्याची बुद्धी आठ आहे त्याच्या हातात कोणी जुने दस्तऐवज देत नाही आणि त्यालाही त्यात कमीपणा वाटत नाही. कामावर आपण आपला आठ वर्षानुवर्षे झाकून ठेवतो. हिशेबाच्या तक्त्यांची धास्ती असलेला माणूस रात्री जागून ते तक्ते भरतो आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या, त्याच कामात पंधरा असलेल्या सहकाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या गटात एका डावानंतर आम्ही प्रत्येकाने आपल्या कामातला एक पंधरा आणि एक आठ एका कागदावर लिहिला. आकडा फक्त स्वतःचा लिहायचा, दुसऱ्याचा कधीच नाही, हा एकच नियम होता. त्या कागदामुळे पुढच्या महिन्यात कामाची वाटणी जेवढी बदलली, तेवढी ती आधीच्या अनेक बैठकांत बदलली नव्हती.

चौथी पायरी: प्रसंग रचणे

नवा सूत्रधार हमखास एक चूक करतो. तो गोष्ट लिहून आणतो. आधी हे होईल, मग खेळाडू तिकडे जातील, मग त्यांना ती चावी मिळेल, असे सगळे त्याच्या मनात ठरलेले असते आणि खेळाडू वेगळी वाट धरू लागले की तो त्यांना ओढून पुन्हा रुळावर आणतो. खेळाडूंच्या भाषेत याला रेलरोडिंग म्हणतात. खेळाडूंना ते दहा मिनिटांत कळते आणि मग ते स्वतः विचार करणे थांबवून सूत्रधाराला काय हवे आहे याचा अंदाज बांधू लागतात. ज्या विभागात प्रमुखाचे उत्तर आधीच ठरलेले असते तेथील बैठका ज्याने अनुभवल्या आहेत, त्याला याहून अधिक सांगायला नको.

सूत्रधाराने परिस्थिती तयार ठेवावी आणि शेवट मोकळा सोडावा. हिरकणीची कथा मराठी वाचकाला ठाऊक असते, म्हणून मी तिच्यावर बेतलेला एक प्रसंग वापरतो. सूर्य मावळला आहे, गडाचा दरवाजा बंद झाला आहे आणि पहाटेच्या आत पायथ्याच्या गावात एक निरोप पोहोचलाच पाहिजे. एवढे सांगून मी थांबतो. माझ्या कागदावर तीन माणसे आणि त्या प्रत्येकाची गरज लिहिलेली असते: दरवाजा उघडला तर आपली चाकरी जाईल या भीतीने ग्रासलेला पहारेकरी, एकदा नियम मोडला की पुन्हा कोणी तो पाळणार नाही असे मनापासून मानणारा किल्लेदार, आणि कड्यावरची वाट माहीत असूनही अनोळखी माणसांवर विश्वास न टाकणारी दूधवाली. खेळाडू पहारेकऱ्याची मनधरणी करतील, कडा उतरतील, चोरदरवाजा शोधतील किंवा सोंग घेऊन निसटतील. यातले काय होणार हे मला माहीत नसते आणि माहीत नसणे हीच माझी तयारी असते. एका गटाने तर किल्लेदाराकडे जाऊन सगळे खरे सांगितले आणि त्याच्याच सहीने रीतसर दरवाजा उघडून घेतला. मी तो मार्ग कागदावर लिहिलेलाच नव्हता.

पाचवी पायरी: खेळ चालवणे

या पायरीवर सर्वांत अधिक लक्ष द्यावे, कारण संघकार्याचे खरे शिक्षण येथेच घडते.

कोण किती बोलतो, यावर आधी नजर ठेवावी. पहिल्या पंधरा मिनिटांत एकदोन खेळाडू आपोआप पुढे होतात. ते वाईट हेतूने बोलत नसतात. शांतता त्यांना सहन होत नाही, एवढेच. सूत्रधाराने त्यांना गप्प करू नये, तर नाव घेऊन दुसऱ्याला विचारावे: ‘हे दोघे पहारेकऱ्याशी बोलत असताना तू कोठे उभी आहेस? तुला काय दिसते?’ या प्रश्नात मत मागितलेले नाही, जागा दिलेली आहे, आणि हा फरक फार मोठा आहे. बैठकीत ‘तुमचे काय मत?’ असे अचानक विचारले की अबोल माणूस ‘मलाही तसेच वाटते’ म्हणून मोकळा होतो. तू कोठे उभी आहेस याचे उत्तर मात्र तिलाच द्यावे लागते आणि ते दुसऱ्या कोणाच्या उत्तरासारखे असू शकत नाही. आमच्या एका डावात बैठकांमध्ये क्वचितच बोलणाऱ्या सहकारी बाईंनी याच प्रश्नावर उत्तर दिले की त्या केव्हापासून पहारा बदलण्याच्या वेळा मोजत आहेत. बाकीचे तिघे बोलण्यात गुंतलेले असताना डावातली सर्वांत उपयोगी माहिती त्यांच्याकडे जमा झाली होती आणि ती त्यांना कोणी विचारलीच नव्हती.

खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी एक सोय होती. गटातील एक खेळाडू कॉलर असे. सर्वांचे ऐकून गट काय करणार हे तो सूत्रधाराला सांगे. दुसरा खेळाडू नकाशा काढत असे. कॉलर हा गटाचा मालक नसे, तो गटाचा आवाज असे. मी पहिल्या डावात दर अर्ध्या तासाने कॉलर बदलतो. आपल्याला न पटलेला निर्णयही गटाचा म्हणून प्रामाणिकपणे कसा सांगायचा, हे यातून शिकायला मिळते.

मदतीचा नियम नीट समजावून सांगावा, कारण त्यामागचे गणित बोलके आहे. पाचव्या आवृत्तीत एका पात्राने दुसऱ्याला मदत केली तर दुसऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून त्यातला मोठा आकडा धरायचा. कृतीच्या अवघडपणाचा आकडा, म्हणजे ती जमण्यासाठी फाशावर किमान जेवढे यायला हवे तो, १५ असेल आणि पात्राला कोणतीही भर मिळत नसेल, तर एकट्याने ती जमण्याची शक्यता ३० टक्के असते. मदतीने ती ५१ टक्के होते. करणाऱ्याचे कौशल्य तेवढेच राहिले, कोणी अधिक तरबेज झाले नाही, केवळ शेजारी कोणी उभे राहिले म्हणून निम्म्याहून अधिक वेळा काम होऊ लागले. मात्र लढाईच्या फेरीत मदत करणाऱ्याची स्वतःची कृती त्यात खर्च होते. त्या फेरीत ती कृती त्याला दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. नियमाचा हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मदतीला वेळ लागतो आणि तो वेळ मदत करणाऱ्याच्या वाट्यातून जातो, हे खेळ उघडपणे मान्य करतो. कामावर आपण नव्या माणसाला शिकवणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून त्याचे स्वतःचे कामही तेवढेच पुरे होण्याची अपेक्षा ठेवतो आणि मग कोणी मदतीला येत नाही म्हणून हळहळतो.

फासा टाकण्यापूर्वी सूत्रधाराने दोन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात: काम किती अवघड आहे आणि फसले तर काय होईल. नियमांत अवघडपणाचे आकडे ठरलेले आहेत. १० सोपे, १५ मध्यम, २० अवघड. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७ च्या खेळात तर फाशाला हात लावण्याआधी धोका किती आणि जमले तर परिणाम किती, याची बोलणी करणे हा नियमच आहे. खेळाडूला धोका आधी कळला तर तो बेत बदलू शकतो, मदत मागू शकतो किंवा जाणूनबुजून धोका पत्करू शकतो. आधी काहीच न सांगता फासा टाकायला लावून नंतर ‘तू कड्यावरून पडलास’ असे सांगणारा सूत्रधार त्या खेळाडूचा विश्वास गमावतो. हाताखालच्या माणसाला काम देतानाही हीच दोन वाक्ये बोलावीत, असे मला अनुभवाने सुचवावेसे वाटते. बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही.

फासा वाईट पडला की ‘काहीच झाले नाही’ असे कधीही म्हणू नये. कुलूप उघडले नाही, पुन्हा टाका. उघडले नाही, पुन्हा टाका, अशाने खेळ मरतो. व्हिन्सेंट बेकर आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० च्या खेळाने यावर सुंदर उपाय दिला. तेथे सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज १० किंवा अधिक आली तर काम पूर्ण जमते, ७ ते ९ आली तर जमते पण किंमत मोजून, आणि ६ किंवा कमी आली तर सूत्रधार काहीतरी नवी अडचण उभी करतो. कोणतीही भर नसेल तर ३६ शक्यतांपैकी केवळ ६ वेळा निर्भेळ यश मिळते आणि १५ वेळा ते किंमत मोजून मिळते. पाचव्या आवृत्तीचा डाव चालवतानाही ही दृष्टी उसनी घ्यावी. कुलूप उघडले, पण आवाज झाला. निरोप पोहोचला, पण दूधवालीचा विश्वास गेला. आपल्या कामातले बहुतेक निकाल याच मधल्या पट्टीत येतात, तरीही आढावा घेताना आपण ‘झाले’ आणि ‘नाही झाले’ अशा दोनच रकान्यांत ते बसवतो आणि मोजलेली किंमत कोठेच लिहिली जात नाही.

नियमांवरून वाद होईल, तो होतोच. सूत्रधाराने एका मिनिटात निर्णय द्यावा, तो कागदावर टिपून ठेवावा आणि नियम खेळ संपल्यावर पाहावा. निर्णय चुकला असे नंतर दिसले तर पुढच्या वेळी सर्वांसमोर तसे सांगावे. चूक मान्य करणाऱ्या सूत्रधाराचे पुढचे निर्णय खेळाडू अधिक सहज स्वीकारतात.

सहावी पायरी: खेळानंतरचा अर्धा तास

तीन तासांपैकी शेवटचा अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा. खेळाडूंमध्ये स्टार्स अँड विशेस नावाची एक रीत आहे. प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचे काय आवडले ते एक सांगायचे आणि पुढच्या डावात काय व्हावे असे वाटते ते एक सांगायचे. तक्रार इच्छेच्या रूपात आली की ती ऐकणे सोपे जाते. ‘तुम्ही मला बोलूच दिले नाही’ याऐवजी ‘पुढच्या वेळी कड्यावरचा निर्णय मला घ्यायला आवडेल’ असे वाक्य येते आणि त्यावर काहीतरी करता येते.

त्यानंतर दोनच प्रश्न घ्यावेत. कोणती माहिती कोणाकडे तरी होती पण गटाला उशिरा कळली? कोणी कधी मदत मागायला हवी होती पण मागितली नाही? उत्तरे पात्रांविषयी असावीत, माणसांविषयी नव्हेत. ‘योद्धा एकटाच पुढे गेला’ हे चालेल. ‘तुझा स्वभावच तसा आहे’ हे सूत्रधाराने तेथेच थांबवावे. तीन तासांच्या खेळावरून कोणाच्या स्वभावाचे निदान करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या खेळाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. पात्र मेले तर नवे पात्र तयार करता येते; नोकरी गेली, तर घराचा हप्ता थांबत नाही. टेबलावर दाखवलेले धाडस म्हणून कामावर आपोआप उतरत नाही आणि ज्या विभागात चूक सांगणाऱ्यालाच शिक्षा होते, तेथे दहा डाव खेळूनही काही बदलणार नाही. तेथे आधी ती शिक्षा थांबवावी लागेल. इतर ठिकाणी मात्र पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलून पाहावी, बैठकीत कॉलर नेमणे किंवा काम देताना धोका आधी सांगणे, यांपैकी जी सोपी वाटेल ती.

सातवी पायरी: सूत्रधार बदलणे

दुसऱ्या डावाचा सूत्रधार दुसरा कोणीतरी असावा आणि शक्य असेल तर तो गटातील सर्वांत नवखा असावा. खेळाडू म्हणून संघकार्य शिकता येते, पण सूत्रधाराच्या जागी बसल्यावरच चारही जणांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, आपल्या आवडीचा बेत सोडून देणे आणि दुसऱ्याच्या कल्पनेला ‘हो, आणि मग?’ म्हणून पुढे नेणे हाताला लागते. नव्या सूत्रधाराला एकच पान तयारी करायला सांगावे: वर परिस्थिती दोन ओळींत, मध्ये तीन माणसे आणि त्यांच्या गरजा, खाली पहाट होईपर्यंत गडावर कोणी काही केले नाही तर काय काय घडत जाईल याचे चार टप्पे. एवढे पुरते. त्या दिवशी मागच्या सूत्रधाराने खेळाडू म्हणून बसावे, नियम विचारला तरच सांगावा आणि नव्या सूत्रधाराच्या शेजारी न बसता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसावे, कारण तो शेजारी असला की नवा सूत्रधार प्रत्येक निर्णयाआधी त्याच्याकडे पाहतो.